वीज न पडल्याचा गुन्हा

आत्या विजेनं गेली नाही. हे आधीच लिहिते, कारण मलाही क्षणभर तेच वाटलं होतं. रिसोडच्या बाजारात मी हवामान अंदाजाच्या मागणीची पत्रकं वाटत होते, भावाचा फोन आला, "आत्या गेली." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "शेतात?" तो म्हणाला, "नाही वं, दवाखान्यात. कावीळ वाढली होती ना." इतकी वर्षं ज्या फोनची धास्ती घेतली होती तो आला, पण भलत्याच कारणानं...

पंचफुलाबाई ही माझ्या वडिलांची बहीण. नवरा वारल्यावर अनसिंगजवळच्या आमच्या गावी परतली ती कायमची. तिची मैत्रीण वावरात वीज पडून गेली, तेव्हापासून तिला ढगांनी झपाटलं. पावसाळा उतरणीला लागून सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की दुपारी ती बुद्धविहाराच्या गच्चीवर जाऊन बसायची. मी वाशीमहून ढगांचा तक्ता आणून दिला. उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग, त्यांचं भय नाही. आभाळभर पसरलेली राखाडी चादर, तिच्यातून नुसती झिमझिम. भय त्याचं, जो दुपारी फुलकोबीसारखा वर वर फुगत जातो आणि ज्याचं डोकं ऐरणीसारखं सपाट पसरतं. "क्युम्युलोनिम्बस," मी वाचलं. "इतकं नाव घेईलोक वीज पडून जाईन ना पोरी," ती म्हणाली आणि तिनं त्याचं नाव 'कोबी' ठेवलं. मोबाइलवरच्या अंदाजावर तर तिचा रागच होता. 'वाशीम जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस.' ती विचारायची, "हे तुरळक ठिकाण रिसोडात येते का कारंज्यात?" आम्ही हसायचो. पण हसण्यासारखं काय आहे त्यात? उघड्या रानात वाकलेल्या बाईला अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज काय कामाचा? तिनं विळा ठेवायचा की चालवायचा?

कोबी उठला की आत्या विहाराच्या भोंग्यावरून बायांना घरी बोलवायची. चुकायचीही. बरेचदा ढग नुसताच विरून जायचा आणि बाया तिच्या नावानं बोटं मोडत वावरात परतायच्या.

मागच्या सोंगणीत माझी आई आणि गावातल्या बाया वामनरावांच्या वावरात कामाला होत्या. मी आईचा डबा घेऊन गेले होते. पश्चिमेला कोबी उठला, त्याचं डोकं पसरलं, गडगडायला लागलं. भोंगा ओरडला, "बायांनो, इळे ठेवा, घरी या!" वामनराव बांधावरून ओरडले, "आधी गंजी झाका! ताडपत्री वढा!" बाया मधेच उभ्या. आई एकदा ढगाकडे पाही, एकदा कापलेल्या सोयाबीनच्या त्या गंजीकडे. गंजी सोडली तर उद्याचं काम गेलं. थांबलं तर... भोंग्यातला आवाज फाटला, "वयनी, तू मेली त मी भावाले काय सांगू?" आईनं विळा टाकला. मग साऱ्याच पळाल्या.

वीज पडली नाही. धो धो पाऊस पडला, गंजी भिजली. वामनराव दारात येऊन म्हणाले, "पंचफुलाबाई, वीज कुठी पडली ते दाखवा मले." वामनरावांनी त्या बायांना पुन्हा कामाला बोलावलं नाही आणि बायांनी आत्याशी बोलणं टाकलं. वामनरावांचं सोयाबीन खरंच नासलं, हे मी नाकारत नाही. पण कोणी मेलं नाही म्हणून हाक मारणारी खोटी, हा कुठला न्याय? एखादी जळून कोळसा झाली असती म्हणजे आत्या खरी ठरली असती, असंच ना? त्यानंतरही ती गच्चीवर जायची. पण भोंग्याचं बटण दाबण्याआधी तिचा हात थबकायचा. मी पाहिलंय ते... आणि ते पाहणं तिच्या मरणाहून जड गेलं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर लोखंडी पाइपांचा मांडव घातला होता. सारं गाव आलं, वामनरावही आले. गावागावाचा वेगळा अंदाज मिळालाच पाहिजे, ही पत्रकातली मागणी मी माइकवरून वाचत होते. ऊन गेलं. बरं झालं, असं मला वाटलं. दूर काहीतरी घुमलं. लोक चुळबुळले, पण अशा कार्यक्रमातून आधी उठायचं कोणी? मी आवाज चढवला. तेवढ्यात आई उभी राहिली.

"तुह्यं पत्रक राहू दे वं, वरतं पाह्य! उठा सारे, लोखंडाखालून निंघा!"

कोणी हललं नाही. सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग आईच्या मागच्या दोघी उठल्या, मग अख्खी रांग. वामनरावांनी शेजारच्या म्हातारीला दंडाला धरून उठवलं.

विहाराच्या खोलीत आम्ही खेटून उभे होतो. गच्चीच्या जिन्यावर पायरीपायरीला बाया बसल्या होत्या. बाहेर कडाडत होतं, लेकरं रडत होती. बऱ्याच वेळानं पाऊस ओसरला. मांडव जसाच्या तसा उभा होता. वाढलेली ताटं पाण्यानं भरली होती. वीज कुठंच पडली नव्हती. एक जण चपला शोधत दाराशी गेला. वामनरावांनी त्याच्यापुढं हात आडवा धरला.

"थांब गा. अजून गरजून राह्यलं."

तो थांबला. आम्ही सारेच थांबलो.