भगवंततात्यांनी मिटवलेला तंटा

भगवंततात्यांच्या गिरणीत दळणाबरोबर भांडणंही यायची. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तात्या एकटेच निवाडा करायचे. गिरणी बंद करायचे, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया चढवायचे आणि गर्जायचे, "हं, बोला आता! पण एकेकानं!" काय तो रुबाब! पुढे दोन हजार सातला गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या, तेव्हा राजुरीजवळच्या त्यांच्या गावाने अध्यक्ष म्हणून दुसरं नावच घेतलं नाही.

अध्यक्ष म्हणून त्यांचा सगळ्यात गाजलेला निवाडा भरत आणि गोरख या सख्ख्या भावांचा. विहीर सामाईक, पाण्यावरून कुऱ्हाडी निघालेल्या. तात्यांनी कागद केला: सोमवार ते बुधवार पाणी थोरल्या भरतचं, गुरुवार ते शनिवार धाकट्या गोरखचं, रविवारी विहीर भरू द्यायची. पुन्हा भडका नको म्हणून शेवटची ओळ घातली: कुणी कुणाच्या बांधावर पाऊल टाकायचं नाही. दोघांनी खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला.

वर्ष शांततेत गेलं. गाव तंटामुक्त ठरवायला तालुक्याची मंडळी यायची होती, त्याच सकाळी भरतची बायको लंकाबाई गिरणीच्या दारात उभी राहिली. पदर रक्ताने भिजलेला.

"तात्या, बिबट्यानं धरलं ह्यांना. उसात पाणी भरत व्हते राती."

नारायणगावच्या दवाखान्यात भरत खांद्यापासून कोपरापर्यंत बांधलेला पडला होता. जीव वाचला होता. तात्या खाटेशी जाऊन ओरडले,

"आरं शाण्या, बिबट्या फिरतोय हे पोरंबी जाणत्यात! रातचा कशाला गेलास मरायला?"

"मग कवा जाऊ? माझ्या तिन्ही दिवशी लाईट रातचीच, गोरखच्या दिवशी दिवसाची. सहा म्हैनं झालं."

शेतीच्या लाईटचं वेळापत्रक गाव तात्यांच्याच गिरणीच्या भिंतीवर वाचायचं. बदललेला कागद त्यांनी स्वतःच खळ लावून चिकटवला होता.

"सांगायचं न्हाई व्हय मला?"

"भंडारा उचललेला, तात्या. गाव म्हणलं आसतं, भरतनंच परत उकरून काढलं."

दाराशी गोरख उभा होता. डोळे लाल. "मी पाळी बदलून देणार व्हतो, दादा. पर बांध वलांडायची बंदी. निरोप धाडला तर गाव म्हणायचं, पुन्ना सुरू झालं ह्यांचं."

ती ओळ तात्यांचीच. तिच्याच कौतुकाचे हार त्यांनी गळ्यात घालून घेतले होते!

दुपारी चावडीत सरपंच कानाशी लागले, "तात्या, आजच्या दिस गप ऱ्हावा. गावाचा मान जाईल."

तात्या उठले. "साहेब, ह्या गावात एक तंटा शिल्लक हाय. त्यो मी मिटवला न्हाई, झाकला. झाकून पुन्ना कवा बांधावर जाऊन इचारलंबी न्हाई."

गावाचा मान त्या वर्षी गेलाच.

सभेनंतर गोरख म्हणाला, "सोमवारपास्नं रातची पाळी माझी."

"आन् मग तुला धरू दे व्हय त्यानं?" तात्या कडाडले. त्याच आठवड्यात ते आसपासच्या सहा गावांच्या समित्यांकडे हिंडले आणि दिवसा लाईट द्यावी म्हणून साऱ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज वीज कार्यालयात दिला. उत्तर येईपर्यंत रात्री पाणी भरणाऱ्याजवळ समितीच्या दोघांनी बॅटरी घेऊन उभं राहायचं ठरलं. पहिल्या सोमवारी गोरखच्या मागोमाग, सत्तरीचे तात्या हातात काठी घेऊन भरतचा बांध ओलांडून गेले.