बागेवरची पोपटी साडी

तासगावजवळ माझ्या थोरल्या बहिणीची द्राक्षबाग आहे. उन्हानं मणी करपू नयेत म्हणून ती बागेला कडेनं जुन्या साड्या बांधते. परवा त्या जांभळ्या, केशरी, पोपटी रंगांनी मी हरखून गेलो आणि फोटोंवर फोटो काढत सुटलो.

"आक्का, ही पोपटी सगळ्यांत झकास. कुणाची गं?"

ती साडीची सैल झालेली गाठ आवळू लागली. दाजींनी सांगून टाकलं, "तुमचीच की पावणं, भाऊबीजेची. एका धुण्यात पार गुडघ्यापर्यंत आटली."

आक्का त्यांच्यावर डाफरली, "आवं, गप बसा. कापड लय चांगलं हाय, ऊन आत येऊ देत न्हाई."

मी मोबाईल खिशात टाकला. रंगांचा एवढा दर्दी माणूस मी, पण दुकानात ढिगातली वरचीच साडी न उलगडता उचलली होती. आक्कानं माझी बाजू घेतली, तेव्हा तर तोंड लपवायला जागा उरली नाही.