छाती उघडण्याआधी आलेला वास

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाते. वीस वर्षं भूल देतेय. मॉनिटरवर दिसतं ते खरं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितेय...

घाटकोपरचं एक छोटं हॉस्पिटल, गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळचे अकरा. पेशंट वाकोल्याचे सावंत, इलेक्ट्रिशियन. उजव्या फुफ्फुसात पू साठलेला, तो भाग काढायचा होता. बाहेर त्यांची बायको हळूच म्हणाली, "ह्यांच्या तोंडाक घाण येता ओ डॉक्टर. माका जवळ बसवना नाय. पाप लागात काय?"

"नाही हो," मी म्हटलं.

अशा ऑपरेशनला श्वासनलिकेत दुहेरी नळी घालतात. उजवं फुफ्फुस बंद, श्वास डाव्यावर. नळी सरकली तर पू चांगल्या फुफ्फुसात उतरतो, आणि माणूस आपल्याच पुवात बुडतो.

सावंतांना कुशीवर वळवलं. नळीतून बारीक दुर्बीण घालून बघितलं, नळी जागेवर. ऑक्सिजन नव्याण्णव.

सर्जनने ब्लेड मागितलं आणि मला वास आला. कपाटामागे उंदीर मरून पडावा, त्यावर आंबलेलं पोतेरं टाकावं — तसा. गोडसर, चिकट. मास्कमधून थेट घशात. मी ओकारी दाबली.

"सिस्टर, कसला वास येतोय?"

"कुठे मॅडम? काहीच नाही."

सर्जन म्हणाला, "अगं, अजून छाती उघडली पण नाही ना."

आणि विचित्र हे, की कोविड झाल्यापासून मला वासच येत नाही. घरी गॅस चालू राहिला तरी कळत नाही.

"थांब रे. मला परत बघायचंय."

"आत्ताच बघितलंस यार."

"थांब म्हटलं ना."

दुर्बीण घातली. नळी जागेवर धरणारा फुगा सरकला होता, हिरवट पू कडेने डावीकडे ओघळत होता. मी बघत असतानाच ऑक्सिजनचा आकडा कोसळला... नव्वद, चौऱ्याऐंशी, शहात्तर. नळी नीट बसवली, सक्शनने पू ओढत राहिले. पाचेक मिनिटांनी आकडा चढला.

सक्शनच्या बाटलीत तो लगदा जमला तेव्हा सगळ्यांना वास आला. सिस्टरने तोंड फिरवलं, टेक्निशियन बाहेर पळाला. मी बाटलीवर वाकले. मला कसलाच वास आला नाही.

सावंत सुखरूप घरी गेले. नाकाचे डॉक्टर म्हणतात, मेंदू कधीकधी खोटे वास तयार करतो. असेल. पण नेमका त्याच मिनिटाला का? मला माहीत नाही. माझं नाक अजून बंदच आहे, आणि ते उघडावं असंही वाटत नाही. ती घाण आठवली की आजही ताटावरून उठावं लागतं.