कोऱ्या गटारीचं उद्घाटन

मुनवर गवंडी बोलण्यात कंजूष, ओळंब्यात पक्का. गावातल्या निम्म्या भिंती त्यानं उभ्या केलेल्या. वाकड्या असतील त्या दुसऱ्यांच्या, असं तो स्वतःच सांगायचा आणि पान थुंकायचा.

ढोकीच्या वाटेवरच्या या गावाला नगरपालिका होती, पण गटार एकच. संडासाचं, न्हाणीचं, पावसाचं सगळं पाणी तिच्यातनं एका जिवानं वाहायचं आणि वेशीखालच्या बारवेत उतरायचं. वरच्या आळीनं धुवायचं, खालच्या आळीनं प्यायचं. मुनवरचं घर खालच्या आळीत, आणि त्याला लागून बौद्ध वस्तीतल्या प्रेमाबाईचं. आदल्या साली प्रेमाबाईचा नातू त्याच पाण्यानं हगवणीत गेला.

बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराची कामं निघाली, तेव्हा गटारी दोन करायचं ठरलं. पावसाची नवी, बारवेकडं. घाणीची जुनी, वळवून बाहेर माळाकडं. बारव आटलेलीच होती, बायांनी तिचा तळ खरवडून काढला. चौकात दोन्ही गटारी जिथं फुटतात, तिथं मुनवरनं हातभर जाडीची भिंत घातली आणि प्रेमाबाईला सांगितलं, "ही हाय तवर बारव तुमची."

नगराध्यक्ष श्रीमंतराव त्या कामावर एकदाही फिरकले नव्हते. धोतर मळतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मात्र आले, नव्या गटारीत डोकावले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"म्हणजे काय की, मुनवर, ही कोरडीच हाय."

"पावसाची हाय साहेब. पाऊस न्हाय."

"म्हणजे काय की, उस्मानाबादेहून मोठे साहेब येनार. फीत कापली की पानी वाहिलं पायजे. ती भित फोड. घंटाभर सोड जुन्या गटारीचं. मंग बांध परत."

मुनवरनं ओळंबा गुंडाळून खिशात घातला. घंटाभर म्हणजे बारव परत वर्षभर गेली, हे त्याला ठाऊक. पण श्रीमंतरावांना बारवेचं सांगून काय उपयोग? त्यांच्या हौदात रोज टँकर उतरायचा. खालच्या आळीला तो चार दिवसांनी यायचा, तोही तळाशी गाळ राहिल्यावर.

"भित बांधीन की परत," मुनवर म्हणाला. "पन साहेबांच्या नाकाला काय बांधू?"

श्रीमंतरावांचा हात आपोआप नाकाकडं गेला.

"मंग पानी कुठलं आनायचं रं?"

"तुमचा टँकर हाय की. साफ पानी, वासबी न्हाय."

नाकापुढं हौद हरला. दुसऱ्या दिवशी चौकात मंडप, हार, कर्णा. श्रीमंतरावांनी बोट वर केलं. "म्हणजे काय की, दोन धारा, एक गाव! म्हणजे काय की, शुद्धतेची गंगा!" मोठ्या साहेबांनी फीत कापली, मागं लपवलेल्या टँकरचा नळ सुटला आणि चुन्यानं पांढऱ्या केलेल्या गटारीतनं पाणी खळाळत निघालं. टाळ्या पडल्या.

पाण्यामागं साहेबही बारवेपर्यंत चालत आले. तिथं गटारीच्या तोटीखाली खालच्या आळीच्या बाया ओळीनं बसलेल्या. घागरी, कळशा, एक पत्र्याचा डबासुद्धा. मुनवरनं रातोरात निरोप दिलेला. बाया भरत होत्या. उरलेलं बारवेत पडत होतं.

साहेब खूश झाले. "रोज असंच वाहतं?"

श्रीमंतरावांनी मान डोलावली. "म्हणजे काय की... रोज."

प्रेमाबाईनं भरलेली घागर कमरेवर घेतली. "मंग उद्या किती वाजता येऊ, अध्यक्षसाहेब?"

साहेब तीन दिवस डाकबंगल्यात मुक्कामाला होते आणि रोज सकाळी फिरायला बारवेवरच यायचे. तीन दिवस टँकर गटारीतनं वाहिला. तीन दिवस श्रीमंतरावांच्या घरी आंघोळ नव्हती, आणि ते जवळ आले की हे सांगावं लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी साहेब गेले, टँकर हौदाकडं वळला. मुनवर चौकात बसून त्या भिंतीवर गिलाव्याचा दुसरा हात मारत होता. श्रीमंतराव शेजारनं गेले. भिंतीचं नाव त्यांनी काढलं नाही.