ते वाक्य फळ्यावर कोणी आणलं

स्लेप्टबाई गेल्या, असं सकाळी ग्रुपवर आलं.

खाली भराभर हात जोडले गेले. बाईंचं खरं नाव एकानेही लिहिलं नाही.

त्यांचं नाव सुलभा. जव्हारला आमच्या शेजारी राहायच्या. दाभोशाच्या वाटेवरच्या एका लहान शाळेत शिकवायला रोज जीपने जायच्या.

उद्या शाळेत शोकसभा आहे. कोणीतरी त्या टोपणनावाचा किस्सा सांगणार, लोक तोंडावर रुमाल धरून हसणार. म्हणून मी हे लिहायला बसलोय.

कारण लोकांना किस्सा अर्धाच माहीत आहे.

सात-आठ वर्षं झाली. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांची बदली झाली आणि तो विषय बाईंच्या गळ्यात पडला. बाई मराठी माध्यमाच्या. त्यात महिन्याची शिक्षण परिषद त्यांच्याच शाळेत ठरली. म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक मागच्या बाकांवर बसणार, केंद्रप्रमुख खुर्चीवर, आणि बाईंनी सगळ्यांसमोर वर्ग घेऊन दाखवायचा.

पाठ कोणता? पॅसिव्ह व्हॉइस.

बाई पाटी घेऊन आमच्या ओटीवर आल्या. "शास्त्रीबुवा, मला झोप नाही हो. मुलांसमोर चुकले तर चालेल. त्या मागच्या बाकांसमोर नको."

मी पेशाने वार्ताहर, पण वाढलो संस्कृत पाठशाळेत. इंग्रजी माझं बेताचं, आत्मविश्वास मात्र भरपूर. म्हटलं, "बाई, कर्मणि प्रयोग आमच्या घरचा. इंग्रज आम्हाला काय शिकवणार?"

आठ दिवस रोज संध्याकाळी शिकवणी. कर्म उचलायचं, पुढे आणायचं. कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवायचं. क्रियापदाचं तिसरं रूप.

"राइस इज कुक्ड बाय मदर." बाई पाटीवर लिहायच्या, पुसायच्या, परत लिहायच्या. "इज की आर, शास्त्रीबुवा? नक्की सांगा."

त्यांची बोटं खडूने पांढरी आणि चेहरा त्याहून पांढरा.

शेवटच्या दिवशी मला विद्वत्तेची उबळ आली. म्हटलं, "एक खास वाक्य देतो. संस्कृतात 'बालकेन सुप्यते' म्हणतात. इंग्रजीत, इट इज स्लेप्ट बाय द चाइल्ड. हे लिहाल तर केंद्रप्रमुख गार."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर चहा पिताना कॉलेजच्या एका प्राध्यापकांना मी तेच वाक्य ऐकवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, स्लीपचं पॅसिव्ह इंग्रजीत होत नाही. संस्कृतात होत असेल."

मी चहा तसाच टाकून उठलो.

फोन लावला. बाई शाळेत पोचल्या असणार, तिकडे रेंज नाही. जीपकडे धावलो, तर ड्रायव्हर दात कोरत बसलेला.

"दोन शिटा बाकी आहेत, शास्त्री. भरल्याशिवाय नाय निघणार."

मग पाठशाळेत वाढलेला हा माणूस जव्हारच्या स्टँडवर उभा राहून ओरडू लागला, "दाभोसा! चला दाभोसा!" सुक्या मासळीची पाटी घेतलेल्या एका मावशींना मी जवळजवळ उचलूनच आत बसवलं.

शाळेच्या खिडकीशी पोचलो तेव्हा वर्ग रंगात आला होता. फळा भरलेला, सगळी वाक्यं बरोबर. एक मुलगी उठून म्हणाली, "नागली इज ईटन बाय अस." नागली म्हणजे तिकडची नाचणी. मागच्या बाकांवर माना डोलल्या. बाई चक्क हसत होत्या.

मग त्यांनी वही उघडली.

मी गज धरले. हाक मारायची होती. मागच्या बाकांवर माझे दोन वर्गमित्र बसले होते. हाक निघाली नाही.

इट इज स्लेप्ट बाय द चाइल्ड. सुंदर अक्षरात.

तीच मुलगी म्हणाली, "बाई, पोर निजला का कोणी निजवला?"

पोरं हसली. केंद्रप्रमुखांनी चष्मा वर केला. "बाई, हे कुठल्या पुस्तकातलं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

मी खाली वाकलो आणि चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

"माझंच चुकलं, सर," बाईंचा आवाज आला.

मागचे बाक पोट धरून हसले. दुपारच्या जेवणापर्यंत टोपणनाव तयार होतं.

परतीच्या जीपमध्ये बाई पुढे, मी मागे. जव्हार आलं. उतरताना त्या वळल्या.

"शास्त्रीबुवा, चप्पल झाली का नीट?"

एवढंच. नंतर कळलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक मुलाच्या वहीतलं ते वाक्य लाल पेनाने स्वतः खोडलं होतं. त्याच संध्याकाळी पाटी घेऊन परत आमच्या ओटीवर हजर. "आता परफेक्ट टेन्स. पण या वेळी पुस्तक बघून हं."

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातही कोणीतरी तो किस्सा सांगितला. सगळे हसले. मीही हसलो. टाळीसुद्धा दिली. बाई व्यासपीठावरून माझ्याकडे पाहत होत्या. माझ्या पायांकडे नाही, तोंडाकडे. वाट पाहत असाव्यात.

उद्या मलाही दोन शब्द बोलायला सांगितलंय. ऐनवेळी मी परत खाली वाकेन, अशी भीती आहे. म्हणून आजच इथे ग्रुपवर लिहून ठेवतो, सगळ्यांना दिसेल असं.

ते वाक्य सुलभाबाईंना मी शिकवलं. चुकीचं आहे हे कळल्यावरही मी खिडकीबाहेर गप्प उभा राहिलो.

उद्या हसायचंच असेल तर मी तिसऱ्या रांगेत बसलेला असेन. माझ्याकडे बघून हसा.

सुलभाबाई, चप्पल नीटच होती हो.

नमस्कार करतो. माफी मागायला उशीर झाला.