बातमीतली शेवटची ओळ

१९५३ सालच्या जुलैमध्ये माधव लेलेचा अर्ज विद्यापीठाने परत पाठवला. वर शेरा होता – मुदतीनंतर आला. अर्ज रसायनशास्त्रातल्या संशोधन फेलोशिपचा होता. डॉक्टरेट झालेल्यांसाठी, दोन वर्षांची. मुदत कशी चुकली, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतो आहे.

डोंबिवलीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. माधव पीएच.डी. होऊन कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. तिथली प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. फेलोशिपला वयाची अट होती आणि त्याचे ते शेवटचे वर्ष होते. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक. विद्यापीठांची पत्रके माझ्या टेबलावर येत.

"अरे पत्रकार, जगाच्या बातम्या छापतोस, माझ्या कामाची आली तर सांगशील ना?" तो म्हणायचा. मी हो म्हणालो होतो.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही मानपाड्याच्या रस्त्याने चालायला जायचो. दोन्ही बाजूंना भातखाचरे. तो बोलायचा, मी ऐकायचो. कामाखेरीज माझ्याशी बोलणारे दुसरे कोण होते? – कोणी नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाही. होते तसे सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी त्या फेलोशिपचे पत्रक आले. विद्यापीठ दोन दिवसांच्या प्रवासावरचे; निवड झाली तर माधव तिकडेच राहायला जाणार. मी बातमी केली. आमच्या धंद्यात बातमी जागेत बसली नाही की ती खालून कापतात. म्हणून महत्त्वाचे ते वर लिहायचे, हे उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी मुदतीचे वाक्य सर्वांत खाली लिहिले. पान लावताना ते गेले. चुकून? – तसे मी स्वतःलाही कधी म्हणू शकलो नाही.

तरी एवढ्याने काही बिघडले नसते. कात्रण घेऊन माधव माझ्या दारात आला.

"अरे, सगळं छापलंत आणि तारीखच खाल्लीत! कधीपर्यंत आहे रे?"

पत्रक माझ्या पिशवीत होते. मुदत पंधरा जूनची.

"जूनअखेर," मी म्हणालो.

कापणे धंद्यातले म्हणता येईल. पण हे?

तो निर्धास्त झाला. आपल्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र येईपर्यंत थांबला. मधले दोन आठवडे मी त्याला रोज पाहत होतो. एक वाक्य पुरे होते – नाही बोललो. वीस तारखेला त्याने अर्ज पाठवला. पोस्टापर्यंत मी बरोबर गेलो.

अर्ज परत आला तेव्हा पाकीट घेऊन तो आधी माझ्याकडेच आला. उंबरठ्यावर बसला. मग म्हणाला, "तुझ्याकडे रोज ढीगभर कागद येतात. एखादी तारीख चुकायचीच. मनाला लावून घेऊ नकोस."

मी मान हलवली.

रविवारचे फिरणे चालू राहिले. तो फारसा बोलत नसे. दिवाळीनंतर त्याने कल्याणला शाळेजवळ खोली घेतली. येण्याजाण्याचा वेळ वाचेल म्हणाला. सामान टांग्यात चढवायला मी हात लावला. पुढच्या रविवारी मी मानपाड्याच्या रस्त्याने नेहमीच्या वळणापर्यंत एकटा गेलो आणि परत आलो.