ताखातचा पेड

इजिप्तच्या राजाच्या राणीवशात केसांचे टोप करणारी हुनेरो बावीस वर्षं राणीसाहेबांच्या मर्जीतली होती. मग मेम्फिसहून ताखात नावाची हसरी पोर कामाला आली. आठ महिन्यांत राणीसाहेब म्हणायला लागल्या, "माझा टोप ताखातच करेल." झालं! हुनेरोच्या अंगाचा नुसता तिळपापड.

टोपाच्या बारीक वेण्या मेण लावून पक्क्या करतात. मेण कमी पडलं की वेण्या सुटतात. म्हणून हुनेरो रोज ताखातच्या गाडग्यातलं बोटभर मेण काढून आपल्या माठाखाली पुरायची. राणीच्या कपाळावर झिंज्या येण्याची वाट बघायची. पण छे! ताखातची एक वेणी हलेल तर शपथ. हुनेरोला भाकर गोड लागेना.

तेवढ्यात धाकट्या राणीचा राजाला मारायचा डाव फुटला. पहारेकरी लुळे पडावेत म्हणून तिने त्यांच्या मेणाच्या बाहुल्या करून मंतरवल्या होत्या. मग राणीवशातलं सगळं मेण तोलायला घेतलं. ताखातकडे नऊ देबेन, म्हणजे जवळजवळ शेरभर, कमी भरलं; ते बाहुल्यांतच गेलं असं सगळ्यांनी धरलं. तिच्या तळपायांवर काठ्या पडल्या, पण पोरीने ब्र काढला नाही. आता शिक्षा ठरलेली होती. जीव जाणारच, वर नावही खरवडून टाकणार. ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याला मेल्यावरही थारा नाही.

हुनेरो तिला बघायला कोठडीपाशी गेली. खोटं कशाला, मजा बघायलाच गेली.

ताखात जाळीपाशी सरकली. "मावशी, माठाखालचं मेण आधी हलवा. झडती येतेय."

"तुला ठाऊक होतं?"

"चोरीच्या पहिल्या महिन्यापासून."

"मग बोलत का नाहीस, मेले?"

"बाहुल्या तुम्हीच केल्या म्हणतील. माझं नाव चोरून का होईना, आई घेईल. तुमचं कोण घेणार?"

हुनेरोला आणखीच राग आला. चांगुलपणातही हीच पुढे! तशीच तणतणत ती घरी गेली, मेण उकरलं आणि चौकशीला बसलेल्या लेखनिकापुढे आदळलं. "मी चोरलं. जळत होते तिच्यावर. तोला."

तोललं. बरोबर नऊ देबेन.

लेखनिक हसला. "म्हातारे, कुणाला बनवतेस? हे दुसरीकडून आणलंयस. तिचं मेण चोरीला गेलं असतं, तर राणीसाहेबांचा टोप भर सणात सुटला असता."

चोरी कबूल करताना हुनेरोची जीभ अडली नव्हती, ती आता अडली.

"तिच्या वेण्यांना मेण लागतच नाही," ती शेवटी म्हणाली. "पेडच तसा घालते. मला नाही जमत. बावीस वर्षांत नाही जमला. टोप मागवून बघा."

टोप आला. लेखनिकाने वेण्या चोळून पाहिल्या. बोटांना मेण लागलं नाही. ताखात सुटली. हुनेरोने चोरीच्या पन्नास काठ्या खाल्ल्या आणि कामावरून गेली ती कायमची. राणीचा टोप ताखातकडेच राहिला, आणि हे हुनेरोला मरेपर्यंत डाचत होतं. ताखात भेटायला आली की ती तोंड फिरवायची. भाकर मात्र ठेवून घ्यायची.

हुनेरो जाऊन सात वर्षं झाली. दर सणाला ताखात लंगडत तिच्या थडग्यापाशी जाते, भाकर ठेवते आणि मोठ्याने हाक मारते, "हुनेरोमावशी!"